पावडरीच्या पेटीतला बल्ब

आमच्या गावातला शेवटचा पिवळा बल्ब मी माझ्या हाताने काढला. चोरून काढला असंच म्हणायला हवं, कारण आई घरी नव्हती आणि जाताना तिने बजावून सांगितलं होतं की त्याला हात लावायचा नाही.

तेव्हा मी एका कोळसाविरोधी संघटनेचं पूर्ण वेळ काम करत होते. पत्रकं लिहायची, वाटायची आणि वाटताना भांडायचं, एवढंच माझं काम. कोळशावरचा माझा राग खरा होता. आजही खरा आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या औष्णिक वीज केंद्राभोवतीच्या गावांत मी महिनोन्‌महिने राहून आले होते. तिथे दोरीवर टाकलेलं बाळाचं दुपटं संध्याकाळपर्यंत राखाडी होतं. बायका पाणी भरण्याआधी रिकामी घागर आतून फडक्याने पुसतात, रोज, सवयीने, तक्रार न करता. हे पाहिलेल्या माणसाला कुणी ‘होईल बदल हळूहळू’ असं सांगितलं की तो ओरडणार नाही तर काय करणार?

मी ओरडत होते. आमच्या गावात मी बल्बची मोहीम काढली. घरातला जुना पिवळा बल्ब द्या, एलईडी घ्या. पत्रकात मी मोठ्या टायपात लिहिलं होतं : ‘शंभर वॅटचा बल्ब म्हणजे तुमच्या घरात टांगलेली कोळशाची शेगडी!’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. लोकांनी बल्ब दिले. गोठ्यातले, मोरीतले, देवघरातले. सगळे पोत्यात भरून आम्ही देऊळघाटला नेले आणि बाजाराच्या दिवशी चारचौघांत फोडले. टाळ्या पडल्या. फोटो निघाले.

आमच्या घरचा एक बल्ब मात्र आईने दिला नाही.

आई टोमॅटोचं बी करते. खायचा टोमॅटो नाही, बियाण्याचा. शेडनेट म्हणजे हिरव्या जाळीचा मोठा मांडव. त्याच्या एका कोपऱ्यात नराची झाडं असतात, बाकी सगळी मादीची. दुपारी मादीच्या झाडावरची न उमललेली कळी चिमट्याने उघडायची, तिचे पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला नराचे परागकण लावायचे. परागकणांना आमच्याकडच्या बायका पावडर म्हणतात. एकेक कळी, एकेक बोट. दहा वर्षं आईने हे काम लोकांच्या शेडमध्ये केलं. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. त्या वर्षी पहिल्यांदाच तिचं स्वतःचं शेड उभं राहिलं होतं.

कंपनी आणि शेतकरी यांच्यामध्ये जो माणूस असतो त्याला सगळे ऑर्गनायझर म्हणतात. नर-मादीचं मूळ बियाणं तोच देतो, आणि ज्याच्या शेडात फळ नीट धरत नाही त्याला पुढच्या वर्षी देत नाही. आईसारख्या नव्या बाईला तर नाहीच. तिच्या शेजारणीला असंच एकदा गाळलं होतं, आणि ती बाई आता पुन्हा दुसऱ्यांच्या कळ्या सोलत होती. ती आमच्याच शेडात कामाला होती. मी तिला काकू म्हणायचे.

माघात पिंपळगाव राजाला मावशीच्या मुलीचं लग्न निघालं. क्रॉसिंगचे, म्हणजे पावडर लावायचे, दिवस ऐन भरात होते, पण सख्ख्या बहिणीच्या घरचं पहिलं लग्न, न जाऊन कसं चालेल? मी घरीच होते. म्हटलं, “जा तू बिनघोर. मी पाहते.”

आईने मला सगळं समजावलं. नराची फुलं सकाळीच तोडायची. पुंकेसर वेगळे करून कागदावर पसरायचे. कागद पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी बारीक कापडातून चाळायचं की पिवळीधमक पावडर खाली पडते. पेटी म्हणजे घरालगतच्या शेडात ठेवलेलं जुनं लाकडी खोकं, आतून पत्रा मारलेलं, आणि वर मधोमध टांगलेला तो शंभरचा बल्ब.

“अन् त्या बल्बाले हात लावजो नको,” ती एस.टी.च्या पायरीवरून म्हणाली. “तो पावडरीचा हाये.”

“हो गं.”

मला वाटलं, पावडर चाळताना दिसावं म्हणून तो लावलाय. खरंच असंच वाटलं. शहरात शिकायला गेले तेव्हा आईने हे काम धरलं, परत आले तेव्हा मी पत्रकं धरली होती. तिची पेटी मी कधी उघडी पाहिलीच नव्हती. दिवसरात्र पेटणारा शंभरचा बल्ब, तोही झाकणाच्या आत, कुणाला न दिसणारा! माझ्याच घरात! आई गेली त्या दुपारीच मी तो काढला. संघटनेने मला प्रचारासाठी एक सौर संच दिला होता. छोटं पॅनेल, एक बॅटरी, दोन एलईडी. पॅनेल घराच्या छपरावर बांधलं, बॅटरी पेटीशेजारी ठेवली, आणि झाकणाच्या आत पांढराशुभ्र उजेड पडला. काढलेला बल्ब मी तालुक्याला जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या पिशवीत टाकला. मोहिमेचा शेवटचा बल्ब म्हणून त्याचाही फोटो निघाला आणि मग तोही फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी कागद काढला, कापडावर ओतला, चाळायला लागल्या.

“ताई, पावडर झडून नाही राह्यली.”

“थोडं घासा ना काकू.”

त्यांनी घासलं. ओलसर चुरा पडला, कण एकमेकांना धरून बसलेले.

“बल्ब काऊन बदलला वं?”

आणि मी त्यांना सांगितलं. वीज कुठून येते, रात्री सूर्य नसताना कोळशाचा कुठला पट्टा फिरतो, कुणाच्या घागरीत राख पडते, सगळं. पाचसहा बायका चिमटे हातात धरून ऐकत होत्या. काकू शेवटी म्हणाल्या, “ते खरं असंल बाई. पन हे ओलं हाये.”

“थंडीमुळे असेल,” मी म्हटलं.

हे मी चार सकाळी म्हटलं. चार दिवस त्या बायका तो ओला चुरा बोटाने कळ्यांना लावत राहिल्या, कारण मालकिणीची मुलगी सांगत होती. काकू मात्र रोज एकदा माझ्याकडे पाहायच्या आणि पुढच्या झाडाकडे वळायच्या. त्यांचं ते पाहणं मला तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं. हे वाक्य लिहिताना आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

पाचव्या दिवशी आई आली. हातात लग्नाच्या लाडवांचा डबा. तो खाली न ठेवताच ती शेडमध्ये गेली, पेटीचं झाकण उचललं आणि आत हात घातला. बराच वेळ तिने हात तसाच ठेवला, ताप आलेल्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

“थंड हाये,” ती म्हणाली.

मग तिने पांढरा दिवा पाहिला. मग माझ्याकडे. मी एका दमात सौर संचाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पोरी, आपल्या पत्रकात तूच लिहिलं होतं ना, का बल्ब म्हंजे शेगडी हाये म्हनून?”

“हो.”

“मंग? शेगडीच हाये ते. उजेड कोनाले पाह्यजे? पावडर शेकाले लागते.”

एलईडी कमी वीज खातो कारण तो तापत नाही, हे मीच शंभर ठिकाणी सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला आईच्या पेटीत कळला.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं; मला भांडण येतं. ती ओळीतून चालत गेली. पहिल्या दिवशी क्रॉस केलेल्या कळ्या देठाशी पिवळ्या पडायला लागल्या होत्या. फळ धरलं असतं तर तिथे एव्हाना मोहरीएवढी हिरवी गाठ दिसायला हवी होती. आईने एकीला नुसतं बोट लावलं आणि ती गळून पडली. तिने ती उचलून पदराच्या टोकात ठेवली.

“बारा दिवस राह्यले क्रॉसिंगचे,” ती म्हणाली. “बल्ब आन.”

आता बल्ब कुठून आणणार? गावात एकही नव्हता. मी नीट काम केलं होतं. बुलढाण्यात चार दुकानं पाहिली, नाही. मग मलकापूर. स्टेशनकडे जाताना रेल्वेचं फाटक बंद होतं आणि समोरून कोळशाची मालगाडी चालली होती, संपता संपेना. एरवी अशा गाडीकडे मी मुठी आवळून पाहते. त्या दिवशी मी तिच्याकडे पाहत म्हणत होते, जा बाई लवकर, मला पलीकडे दुकानात जायचंय.

दुकानदार मला ओळखत होता.

“शंभरचा? पिवळा?” तो हसायला लागला. “मॅडम, मागच्या महिन्यात तुम्हीच आले होते. हे पाहा, तुमचंच पत्रक हाये. ‘दुकानदारांनो, पिवळा बल्ब विकू नका.’ मी वापस करून टाकला ना सगळा माल!”

“एकही नाही?”

“भाऊ, पाह्य रे आत एखांदा,” त्याने नोकराला हाक मारली, आणि मला म्हणाला, “चहा घ्या तवरोक. तुमच्यामुळं कोनी ऐकलं म्हनून तरी खूश व्हा.”

आत एकही निघाला नाही. माझ्या पॅनेलच्या बॅटरीचा तर उपयोगच नव्हता. तिला फक्त तो बारका दिवाच चालत होता. उजेड साठवायला ती पुरेशी होती, ऊब साठवायला नाही.

मग मी मामाला फोन केला. आईचा धाकटा भाऊ. तो त्याच औष्णिक केंद्रात कंत्राटावर आहे, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. माझ्या पहिल्या पत्रकावरून आमचं बोलणं तुटलं होतं. तसं म्हणजे माझंच. तो दर दिवाळीला माझी चौकशी करायचा.

“काऊन वं, कोयसेवाल्याची आठवन आली?”

मी सगळं सांगितलं. तो इतका वेळ हसला की मी फोन कानापासून लांब धरला. मग एकदम गंभीर झाला. “ताई काय म्हंते?”

“काहीच म्हणत नाही.”

“मंग लय झालं ते. परवा सुट्टी हाये माह्यी. येतो.”

तो येईपर्यंतचे दोन दिवस आईने वाया जाऊ दिले नाहीत. चुलीतला विस्तव भांड्यात घेऊन पेटीत ठेवून पाहिला. एक कागद करपला. पुंकेसर थेट उन्हात ठेवले, तर वारा आला आणि अर्धे उडाले, उरलेले कडक झाले. मग ती नाल्यातून घमेलंभर रेती घेऊन आली. पत्रा छपरावर उन्हात टाकला, त्यावर रेती पातळ पसरली आणि कामाला निघून गेली. दुपार कलली तशी तिने रेतीत हात घालून पाहिला. गरम होती, भाजणारी नाही. रेती पेटीत भरली, भोवती गोधडी गुंडाळली, वर कागद आणि कागदावर पुंकेसर.

“हे कुठं शिकलीस?”

“शिकाचं काय त्याच्यात? उन्हायात संध्याकायी नाल्यात चाललं की पाय पोयत नाही काय? सूर्य जाते, रेती काही लगेच थंडी होत नाही.”

सकाळी पावडर झडली. थोडीच, पण कोरडी. आईने ती काचेच्या वाटीत घेतली आणि मला दाखवायला आली नाही. मीच गेले.

मामा आला तो कानाच्या मागे काळं घेऊन. ते कितीही आंघोळ केली तरी जात नाही. टॉवेलात गुंडाळून त्याने दोन बल्ब आणले होते, त्याच्या खोलीतला एक आणि सोबत्याच्या खोलीतला एक. आईने ते घेतले, पुसले, एक पेटीत लावला. रेती तशीच ठेवली.

“आता रेती काऊन?” मामाने विचारलं.

“ऊन असलं की रेती. आभाय आलं की बल्ब. तुह्या कोयशाले रोज काऊन तरास देऊ?”

मामा पेटीजवळ उकिडवा बसला, रेतीत बोटं खुपसून. “ताई, आमच्या यार्डात कोयशाचा ढीग असतो ना, तो असाच आतून गरम राह्यते. वरून पाह्यलं तर थंडा.” मग माझ्याकडे वळला. “तुले सांगतो, दुपारी आम्हाले आता बसवून ठेवतात. सायेब म्हंते, सोलर जोरात हाये, पट्टा हळू करा. अन् सूर्य गेला की पयापय. जेवाले टाइम नाही. दुपारची वीज तुम्हाले कुठं राखून ठेवता आली असती, तर म्या संध्याकायी घरी भाकर खाल्ली असती.”

“आणि पट्टाच बंद झाला तर?” मी विचारलं. हा प्रश्न मी माझ्या एकाही पत्रकात विचारला नव्हता.

“तर मले वीज राखाच्या बॅटऱ्यांवर लाव ना वं! तिथं का मानसं लागत नाही?” तो हसला. “का तिथंबी इंजिनेरच लागतात? आधी सांगजो. मले एकदम सांगू नको, पत्रकातून.”

आईने त्याच्यापुढे लाडवांचा डबा ठेवला. त्याने एक लाडू मोडून अर्धा मला दिला. आम्ही खाल्ला. एवढ्यानेच आमचं तुटलेलं बोलणं सुरू झालं, माफी वगैरे कुणी मागितली नाही.

उरलेल्या दिवसांत तीनदा आभाळ आलं. तीनदा बल्ब पेटला, बाकी दिवस रेती. पहाटेची पहिली पावडर काकू चाळायच्या आणि वाटी उंच धरून ओरडायच्या, “झडली वं, झडली!” त्या मला दाखवून ओरडायच्या, हे मला कळत होतं.

क्रॉसिंग संपल्यावर ऑर्गनायझर आला. पायात बूट, हातात वही, मितभाषी माणूस. टोमॅटोचं झाड खालून वर वाढतं, तशी क्रॉसिंगही खालून वर जाते. त्यामुळे प्रत्येक झाड म्हणजे आमच्या कामाची नोंदच होती. खाली फळांचे घोस. मग वीतभर मोकळी जागा. मग वर पुन्हा घोस. शेडभर प्रत्येक झाडाला एकाच उंचीवर तो मोकळा पट्टा होता, कुणी दोरी धरून आखल्यासारखा.

तो थांबला. “हे काय झालं इथं?”

“म्या लग्नाले गेली होती,” आई म्हणाली. “पावडर नीट वायवाची राह्यली. चूक माह्यी हाये.”

मी सभेत हजार माणसांपुढे बोलले आहे. अधिकाऱ्याच्या टेबलावर हात आपटला आहे. त्या माणसापुढे मी एक पाऊल मागे सरकले. आई माझ्याकडे पाहतही नव्हती. ती माझ्या आणि त्याच्या मधे उभी होती, माझ्या लहानपणी शाळेत हेडमास्तरांपुढे उभी राहायची तशीच. आणि तिच्यामागे लपणं किती सोपं होतं!

“तिची नाही,” मी म्हणाले. “बल्ब मी काढला. ती नव्हती. बायकांनी सांगितलं तरी मी ऐकलं नाही.”

त्याने वही मिटली. “तुम्ही त्याच ना, बल्ब फोडणाऱ्या?”

“हो.”

“आणि ही पेटी? रेती कशाला?”

आईने सांगितलं. तिने फार थोडक्यात सांगितलं, पण मला मधे बोलू दिलं नाही. त्याने झाकण उघडलं, आत हात घातला. मग तो वरच्या घोसांकडे गेला, एकेक फळ हलवून पाहत राहिला, ओळीच्या शेवटापर्यंत. परत यायला त्याने बराच वेळ लावला. आईने तोवर पदराचा शेव मुठीत धरून ठेवला होता.

“पूर्ण शेडचं बियाणं मी देऊ शकत नाही,” तो म्हणाला. “वर मला जाब द्यावा लागतो. अर्ध्याचं देतो. ते नीट लागलं तर पुढचं पुढे.”

तो गेल्यावर मी रडायला लागले. आई म्हणाली, “रडाले काय झालं? गाळलं तं नाही ना. अर्धं देल्लं.”

“माझ्यामुळे अर्धंच.”

“हाव, तुह्यामुळंच,” ती म्हणाली, अगदी साधेपणाने. तिला मला खोटं बरं वाटू द्यायचं नव्हतं. मग तिने माझ्या हातात एक चिमटा दिला आणि एका मादीच्या झाडाशी बसवलं. हंगाम संपला होता, तरी शेंड्याला दोनचार चुकार कळ्या होत्या. “अर्ध्या शेडात मजुरीच्या बाया कमी लागतीन. तू शीक आता. काकूले ठेवनंच हाये, अन् तू. घे, कळी अशी धर. दाबू नको, मोडते.”

मी धरली. पहिली मोडली. दुसरीही मोडली. काकू पलीकडून पाहत होत्या, या वेळी मोकळ्या तोंडाने हसत. तिसरी उघडून पुंकेसर काढले तेव्हा आईने मान खाली घालून आत पाहिलं, आणि म्हणाली, “एक राह्यला आत. काढ.”

मी काढला.